बाळाचा घास आणि दाण्याचं कूट

मागच्या बैठकीत गटातली एक सून म्हणाली, "बाळ आठ महिन्यांचं झालं, पण आत्याबाई दाण्याचं काही देऊ देत नाहीत. दाणे पित्ताचे, म्हणतात." दुसरीच्या मोबाइलवर व्हिडिओ आलेला, दाण्याची ॲलर्जी जीव घेते. म्हणून आज दाण्यांबद्दलच बोलूया.

ही भीती अगदीच खोटी नाही. दाण्याची ॲलर्जी काही मुलांना खरंच असते. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं होतं, ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नका. त्याचा उपयोग दिसेना, तेव्हा २००८ साली तो सल्ला मागे घेतला. इस्रायलमध्ये तान्ही बाळं दाण्याचे कुरकुरे चघळतात आणि तिथे ही ॲलर्जी फार कमी, हे लंडनच्या डॉक्टरांनी हेरलं. मग त्यांनी ६४० बाळांना पाच वर्षांची होईपर्यंत तपासलं. ही सगळी बाळं जास्त इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. २०१५ साली कळलं, की ज्यांना अकरा महिन्यांच्या आत दाणे सुरू केले, त्यांच्यात दाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. म्हणजे लांब ठेवूनच नुकसान होत होतं!

आता द्यायचं कसं? सहा महिने पुरे झाले, वरचं खायला लागलं, की चालतं. विकतचं पीनट बटर आणायची गरज नाही. दाणे भाजा, सालं पाखडा, पिठासारखं बारीक कूट करा. गरम पाण्यात किंवा पेजेत कालवून सरसरीत करा. घट्ट गोळा घशाला चिकटतो. काळपट, बुरशीचे, कडू दाणे आपण "कुटात काय कळतंय" म्हणून ढकलतो, तसं करू नका. बाळ बरं असेल अशा दिवशी, सकाळीच द्या. आधी चमच्याच्या टोकावर. दहा मिनिटं थांबा, मग थोडं थोडं. पुढचे दोन तास बाळाजवळ राहा. सोसलं, तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा. मध्येच बंद करू नका.

अंगावर खूप इसब असेल, किंवा अंड्याने त्रास झाला असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, चिक्कीही नको. आमच्याच एका ताईंच्या नातवाला तीन आठवडे खोकल्याचं औषध चाललं होतं. शेवटी जिल्ह्याच्या गावी नेलं, दुर्बिणीतून भाजलेला दाणा काढला. शेंगा फोडायला बसलेल्या घरात रांगतं बाळ होतं, एवढंच झालं होतं. ताई अजून त्या खोलीत शेंगा फोडत नाहीत.

कूट दिल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर पुन्हा देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. पण श्वास घरघरला, उलट्यांवर उलट्या झाल्या, बाळ मलूल पडलं, तर आमसुलाचं पाणी चोळत बसू नका. लगेच १०८ ला फोन लावा. अशा वेळी मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, ते दवाखान्यातच मिळतं. बाळाला काय दिलं आणि किती वाजता, ते सांगा.

आणि त्या सुनेच्या आत्याबाईंना आम्ही पुढच्या बैठकीला बोलावलंय. कूट त्याच करून आणणार आहेत.