पाऊस मागण्याचे दिवस

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आमची नर्सिंगची बहुतेक नोकरी दुबईत झाली. त्या काळी तेथे जाण्यासारखे सिनेगॉग नव्हते. मिनियानला दहा पुरुष जमवणे म्हणजे मोठी खटपट. शुक्रवारी सुट्टी आणि शनिवारी ड्यूटी. शब्बाथचा दिवा मात्र घरात चुकला नाही. डिसेंबरात तेथे साडेपाचलाच सूर्य मावळतो, त्यामुळे धांदल फार होई.

लहानपणी अलिबागेस वडील डिसेंबरच्या ४ तारखेच्या संध्याकाळपासून (काही वर्षी ५ पासून) तेफिलामध्ये पावसाची मागणी सुरू करीत. आता कोकणात त्या दिवसांत पाऊस कोणाला हवा? शेतात वाल आणि पांढरा कांदा, आंब्याला मोहोर धरू लागलेला. एक अवकाळी सर आली की मोहोर गळाला. आजी हळूच म्हणे, "देवा, ऐक, पण आमच्या वाडीवर नको!"

ही तारीख कोकणची नव्हेच. ती बाबेलची, म्हणजे आजच्या इराकच्या यहुद्यांची. तिकडे पाऊस थंडीत पडतो. इस्राएलात ही मागणी हेश्वानच्या ७ तारखेलाच सुरू होते. सणाला यरुशलेमेस आलेला शेवटचा यात्रेकरू फरात नदीपर्यंत न भिजता पोहोचावा, म्हणून सणानंतर पंधरा दिवस थांबायचे, असे आपल्या शास्त्रकारांनी ठरवले. कोणाला मागे ठेवून पाऊस मागायचा नाही, ही त्यांची दृष्टी आम्हांला फार आवडते.

दुबईचा थोडाफार पाऊसही थंडीतलाच. पहिली सर आली की वॉर्डातल्या अरब आया मुलांना उचलून खिडकीशी नेत. त्या रात्री यजमानांनी तेफिला म्हटली, तेव्हा मागणी आणि आभाळ आम्ही प्रथमच एका ठिकाणी पाहिले.

कोणी म्हणेल, कोकणातल्या आपल्या लोकांनी अर्थ न कळता पाठ म्हटले. आम्हांला तसे वाटत नाही. प्रार्थनेचे मराठी भाषांतर घरात होते, वडिलांना अर्थ ठाऊक होता. आपल्याला नको असलेला पाऊस ते दुसऱ्यांच्या शेतांसाठी मागत होते.

आमची धाकटी बहीण डिमोनाला असते. २००४ साली थंडीत आई आमच्याकडे शेवटची आजारी पडली, तेव्हा दुबईहून इस्राएलला थेट फोन लागत नसे. आम्ही मुंबईला मामांना फोन करायचा, मामांनी डिमोनाला. इतकी माणसे आमच्या हातांखालून गेली, पण आपल्याच आईचा आवाज बहिणीला ऐकवता आला नाही. आई तिचे नाव घेत होती. मामांनी तो निरोप पोहोचवला, पण तेवढ्यात आई गेली होती.

थेट फोन ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाले. पहिल्या दिवशी आम्ही दोघी कितीतरी वेळ नुसत्या रडलो, आणि मग तिने विचारले, "तिकडे पाऊस आहे का गो?" ऑगस्टात! डिमोनाही वाळवंटच, तिला काय ठाऊक नव्हते? पण अलिबागेत ऑगस्टात दुसरे काय विचारतात?

१६ एप्रिल २०२४ ला मात्र खरेच पडला. अल ऐनजवळ एका दिवसात २५४ मिलिमीटर, दुबईच्या विमानतळावर पाणीच पाणी. पेसाहला, म्हणजे ही मागणी बंद व्हायला, सहाच दिवस उरले होते. बहिणीचा फोन आला, "यजमानांना सांग, आता पुरे करा!"

बाहेर मलिद्याची ताटे लागली आहेत, हजानसाहेबही घड्याळ पाहत आहेत, तेव्हा अधिक वेळ घेत नाही. शालोम.