मुखपृष्ठावर नसलेले नाव



पदवीपत्रावर छापलेले नाव आणि त्या पदवीच्या बळावर पुढे हातून होणारे काम यांची गाठ आयुष्यभर टिकेलच असे नाही, आणि ती सुटली तर काम कोणाचे मानायचे, हा प्रश्न अमेरिकेतील बालरहस्यकथांच्या इतिहासात फार ठळकपणे उभा राहतो. १० जुलै १९०५ रोजी आयोवा राज्यातील लाडोरा या लहानशा गावी एका डॉक्टरांच्या घरी जन्मलेल्या आणि १९२७ मध्ये आयोवा विद्यापीठाची वृत्तपत्रविद्येतील पहिली पदव्युत्तर पदवी मिळवणाऱ्या मिल्ड्रेड ऑगस्टीन, म्हणजेच विवाहानंतरच्या मिल्ड्रेड वर्ट आणि पुढे बेन्सन, यांनी ‘नॅन्सी ड्रू’ या मालिकेच्या पहिल्या ३० पुस्तकांपैकी २३ पुस्तके लिहिली. मात्र त्यांपैकी एकाच्याही मुखपृष्ठावर त्यांचे नाव नव्हते. तिथे नाव होते कॅरोलिन कीन, आणि कॅरोलिन कीन नावाची कोणी बाई कधी जन्मालाच आलेली नव्हती.

हे नाव एडवर्ड स्ट्रेटमेयर यांच्या सिंडिकेटच्या मालकीचे होते. सिंडिकेट म्हणजे प्रकाशनसंस्था नव्हे, तर मुलांच्या कथामालिकांचा एक कारखानाच: मालिकेची कल्पना, नायक-नायिकेचे नाव आणि प्रत्येक पुस्तकाचा काही पानांचा आराखडा तिथे तयार होई, तो घोस्ट रायटरच्या, म्हणजे ठरावीक मोबदल्यावर दुसऱ्याच्या नावाने लिहून देणाऱ्या लेखकाच्या हाती जाई आणि तयार झालेले हस्तलिखित एखाद्या प्रकाशकाला विकले जाई. लेखकाला रॉयल्टी, अर्थात प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे मिळणारा वाटा, नसे. एकरकमी पैसे घेऊन मजकुरावरील आणि टोपणनावावरील सर्व हक्क सोडल्याच्या कागदावर त्याला सही करावी लागे. मिल्ड्रेड यांना एका पुस्तकाचे १२५ डॉलर मिळत. हा सौदा त्यांनी डोळे उघडे ठेवून केला होता, आणि पुढे त्यांची केवळ बिचारी, फसवली गेलेली लेखिका अशी जी प्रतिमा रंगवली गेली ती त्यांना स्वतःलाही मानवली नसती. मंदीच्या काळात हाच दर ७५ डॉलरवर आला तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला, आणि मालिकेतील आठवे ते दहावे पुस्तक वॉल्टर कॅरिग यांनी लिहिले.

पहिली तीन पुस्तके २८ एप्रिल १९३० रोजी एकदमच बाजारात आली आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत स्ट्रेटमेयर यांचे निधन झाले. आराखडा त्यांचा असला तरी नॅन्सीचा स्वभाव आराखड्यातून आलेला नव्हता, हे पहिल्याच पुस्तकातील, जुन्या घड्याळाच्या रहस्यातील एका प्रसंगावरून ताडता येते. हरवलेल्या मृत्युपत्राचा माग काढत नॅन्सी तळ्याकाठच्या एका बंद बंगल्यात शिरते, तिथे आलेले चोर तिला कपड्यांच्या कपाटात कोंडून निघून जातात, आणि थोडा वेळ दार बडवून झाल्यावर तिच्या ध्यानात येते की कपडे टांगायचा लाकडी दांडा निघण्यासारखा आहे. तो निसटवून ती त्याची तरफ करते आणि दाराच्या बिजागऱ्यांवर जोर लावते. सोळा वर्षांच्या मुलीने सुटकेसाठी कोणा पुरुषाची वाट न पाहता हाताशी असलेल्या वस्तूकडे पाहावे, ही १९३० सालच्या वाचक मुलींना नवी गोष्ट होती. त्याच पुस्तकात बंगल्याच्या कृष्णवर्णीय राखणदाराचे चित्रण मात्र आज वाचवत नाही इतके हिणकस आहे, आणि लेखिकेच्या गुणांबरोबर तिच्या काळाचा हा डागही नोंदवणे भाग आहे. १९५९ पासून स्ट्रेटमेयर यांच्या कन्या हॅरिएट ॲडम्स यांच्या देखरेखीखाली जुनी पुस्तके नव्याने लिहिली गेली तेव्हा असे उल्लेख गेले, पंचवीस प्रकरणांची वीस झाली, नॅन्सी अठरा वर्षांची झाली. पण त्याबरोबर तिचा जुना तडफदारपणाही बराच घासून गुळगुळीत झाला.

ॲडम्सबाई स्वतःलाच कॅरोलिन कीन म्हणवीत, आणि पुढची अनेक पुस्तके त्यांनी खरोखरच लिहिलेली असल्याने हा दावा निखालस खोटाही नव्हता. अखेर १९८० मध्ये मालिकेच्या हक्कांवरून दोन प्रकाशकांमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला उभा राहिला, मिल्ड्रेड यांना साक्षीला बोलावले गेले, जुनी पत्रे व करारपत्रे पुराव्यात दाखल झाली आणि पन्नास वर्षांचे गुपित उघड झाले. आपली नॅन्सी आणि ॲडम्सबाईंची नॅन्सी या दोन निराळ्या मुली आहेत, असा त्यांच्या साक्षीचा रोख होता. (रहस्यकथेच्या लेखिकेचा उलगडा व्हायला साक्षीदाराचा पिंजराच लागावा, यातला योगायोग एखाद्या कादंबरीत ओढूनताणून आणलेला वाटला असता.) मराठी वाचकाला हे सारे काहीसे परके वाटेल, कारण फास्टर फेणे हातात घेणाऱ्या मुलाला भा. रा. भागवत हे नाव तितकेच तोंडपाठ असे.

मिल्ड्रेड यांना स्वतःला अधिक जवळची होती ती पेनी पार्कर, वृत्तपत्राच्या संपादकाची मुलगी. १९३९ ते १९४७ या काळातील तिची सतरा पुस्तके त्यांनी मिल्ड्रेड ए. वर्ट या स्वतःच्या नावाने लिहिली. नॅन्सीच्या मानाने पेनी फारच कमी खपली. विद्यापीठात शिकलेली विद्या मात्र त्यांनी कधीच सोडली नाही: १९४४ पासून ओहायो राज्यातील टोलीडो शहरात त्यांनी बातमीदारी केली, दोन पती गमावले, साठीच्या आसपास विमान चालवण्याचा परवाना मिळवला, मध्य अमेरिकेतील प्राचीन अवशेष पाहण्यासाठी प्रवास केले आणि नॅन्सीविषयीच विचारायला येणाऱ्यांचा अनेकदा कंटाळा केला. १९९३ मध्ये आयोवा विद्यापीठाने नॅन्सी ड्रू या विषयावर परिषद भरवली, तेव्हा ज्या आवारात त्या शिकल्या त्याच आवारात या पुस्तकांशी त्यांचे नाव जाहीरपणे जोडले गेले. त्यांचे अंडरवुड टंकयंत्र आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. २८ मे २००२ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, टोलीडो येथील दैनिकाच्या कचेरीत त्या आपल्या मेजापाशी काम करत असतानाच त्यांना अस्वस्थ वाटू लागले, आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या आपल्या सदराच्या मजकुरावर काम करत होत्या, आणि त्या सदरावर नाव छापले जाई ते त्यांचे स्वतःचे.