विहिरीचे पाणी : आधी तपासणी, मग गाळणी



पेरणीआधी आपण सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, आणि सत्तरच्या वर उगवले तरच ते बियाणे पेरतो. पण घरातली लहानथोर माणसे ज्या विहिरीचे पाणी पितात, ते शेवटचे कधी तपासले असे विचारले, तर बहुतेक घरी एकच उत्तर मिळते : "पानी गोड हाये, आजा-पंजापासून पेतो." आज बोलायचे ते या गोडव्याविषयी.

साखरखेर्ड्याच्या नावातच साखर आहे. पण जिभेला फक्त क्षार कळतात, जंतू कळत नाहीत. लोणार आपल्याला दूर नाही. तिथल्या सरोवराचे पाणी इतके खारट की तोंडात धरवत नाही, आणि त्याच विवराच्या काठावरची धार मात्र गोड. तिथे जिभेने निवड करता येते. घरच्या विहिरीत तसे होत नाही. हगवण, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू असलेले पाणी स्वच्छ दिसते आणि गोडच लागते. खतातून, उकिरड्यातून, संडासाच्या खड्ड्यातून उतरणारे नायट्रेटही चवीला कळत नाही.

आपल्या भागात वर काळी माती किंवा मुरूम आणि खाली काळा पाषाण. पाणी येते ते पाषाणाच्या भेगांतून. वाळूतून झिरपताना पाणी गाळले जाते, तसे भेगेतून येताना गाळले जात नाही. म्हणून उकिरडा, गोठा किंवा शोषखड्डा विहिरीच्या जवळ असला, तर पहिल्या मोठ्या पावसाबरोबर तिथली घाण विहिरीत आलीच म्हणून समजा. विहिरीला कठडा नसेल, भोवती ओटा फुटलेला असेल, तर महागडे यंत्र घेण्याआधी गवंडी बोलवा. तो खर्च आधीचा.

आता तपासणी. ती दोन प्रकारची असते. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लॅस्टिकचा डबा त्याच पाण्याने तीन वेळा विसळून भरावा. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र घरची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणावी, तोंडाला आतून बोट लावू नये, वर थोडी जागा मोकळी ठेवावी आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचती करावी. विहिरीत नुकतीच टी.सी.एल. पावडर टाकली असेल तर त्या दिवशीचा नमुना विहिरीचा खरा गुण सांगत नाही. नमुना देण्याबाबत ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला किंवा आरोग्य सेवकाला विचारावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा पाणी तपासतात. जंतूंसाठी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, असे वर्षातून दोनदा तपासावे. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा पुरे.

अहवाल हाती आला की चार आकडे आधी बघा. ई-कोलाय जंतू १०० मिलिलिटरमध्ये एकही नसावा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे. वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला जास्त नायट्रेटचे पाणी फार धोक्याचे, बाळ निळे पडते. फ्लोराईड १ मिलिग्रॅमपर्यंत चांगले, फार तर १.५, त्यापुढे मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात आणि पुढे हाडे धरतात. विरघळलेले एकूण क्षार ५०० पर्यंत उत्तम, आणि दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

गाळणी निवडायची ती या आकड्यांवरून. नारूचा रोग जुन्या माणसांना आठवत असेल. त्याचा प्रसार पाण्यातल्या बारीक किड्यामार्फत होई, आणि तो किडा दाट कापडातून जात नसे. म्हणून साध्या कापडाने घरे वाचली. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. पण तेच कापड हगवणीच्या जंतूला अडवत नाही. तो त्याहून फार बारीक.

जंतू असतील आणि बाकी सगळे ठीक असेल, तर पाणी उकळणे किंवा क्लोरीन पुरेसे आहे. वीज भरवशाची असेल तर यू.व्ही. चालते, पण पाणी नितळ हवे. गढूळ पाण्याला तुरटी फिरवावी. तिने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. नायट्रेट किंवा फ्लोराईड जास्त असेल तर उकळून उपयोग नाही. पाणी आटते आणि ते द्रव्य आणखी दाट होते. तिथे, आणि पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यासारख्या खाऱ्या पाण्याला, आर.ओ. लागते. मात्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाते, हे उन्हाळ्यात विसरू नका. ते पाणी भांड्यांना, फरशीला वापरा. क्षार ५०० च्या आत असतील तर आर.ओ.ची गरज नाही, विक्रेता काही म्हणो.

विक्रेत्याची एक करामत सांगून ठेवतो. तो तुमच्या पाण्यात दोन कांबी बुडवून वीज सोडतो, पाणी तपकिरी होते. त्याच्या पाण्यात काही होत नाही. ती घाण नव्हे, कांबीचे लोखंड सुटलेले असते. क्षारांतून वीज वाहते, म्हणून तुमच्या पाण्यात ते सुटते. खिशातले टी.डी.एस. मीटरही फक्त क्षार मोजते, जंतू नाही. आणि लग्नातले जारचे पाणी गार असते, एवढेच त्याच्याविषयी खात्रीने सांगता येते.

राहिली टी.सी.एल. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि ७८५ ने गुणा. तितके लिटर पाणी. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर जुनी किंवा पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. बादलीत थोड्या पाण्यात कालवून मग बादली पाऊण भरा, दहा मिनिटे निवू द्या. वरची निवळ दुसऱ्या बादलीत काढून ती विहिरीत खाली-वर हलवत मिसळा. खालचा चुना विहिरीत टाकू नका, पाणी जड होते. एक तास पाणी उपसू नका, आणि मग आरोग्य सेवकाकडून ओ.टी. परीक्षा करून घ्या : पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचले, नाही आला तर मात्रा पुन्हा द्यायची.