मुहूर्त, भरती आणि मांडव



विवाहसमारंभ मंगल कार्यालयाच्या चार भिंतींतून बाहेर काढून एखाद्या बागेत, समुद्रकाठी किंवा जुन्या वाड्याच्या आवारात साजरा करण्याची हौस अलीकडे आपल्या समाजात वाढू लागली असून, मुंबई-पुण्याची, आणि आता परदेशी स्थायिक झालेलीही, काही कुटुंबे त्या हेतूने आमच्या शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्याकडे, तेरेखोलच्या किल्ल्याकडे आणि सावंतवाडीच्या राजवाड्याकडे वळू लागली आहेत. ही हौस मला मनापासून आवडते. तिच्यात केवळ श्रीमंतीचे प्रदर्शन पाहणाऱ्यांशी माझे जमत नाही. कारण कोकणात लग्न हे मुळात आभाळाखालीच लागत आले आहे, आणि कार्यालय ही आमच्याकडे फार मागाहून आलेली सोय आहे.

पाऊस सरला, भात घरात आले, की घरापुढचे खळे नव्या मातीने भरून, चोपून, शेणाने सारवून तयार करावयाचे. तुळशीचे लग्न लागले की मग घरातल्या मुलामुलींच्या लग्नाची भाषा सुरू व्हायची. आणि एकदा तिथी मुक्रर झाली, की पोफळीचे खांब, वर बांबू आणि त्यावर माडाच्या चुडतांचे विणलेले झाप, असा माटव भावकीतल्या आणि शेजारच्या माणसांच्या हातांनी दोनतीन दिवसांत उभा राहावयाचा. त्या माटवाखालच्या सावलीत जी थंडाई असते, झापांच्या विणीतून जे कवडसे सारवलेल्या जमिनीवर उतरतात, आणि ओल्या चुडतांना जो हिरवा वास येतो, त्याची बरोबरी कोणत्याही रेशमी छताला करता आलेली मी पाहिलेली नाही. एका बाजूला माड-पोफळीची बाग, समोर तुळशीवृंदावन, मागे घराची पडवी, आणि मध्ये कार्य. उद्यानातील विवाह म्हणून ज्याची आज आखणी होते, तो आमच्या आजोबांच्या पिढीत प्रत्येक घरी होत होता, आणि त्यासाठी कोणा व्यावसायिकाची गरज भासत नव्हती.

आज ती गरज भासते, हे मला मान्य आहे. भावकी विखुरली, चाकरमानी आठ दिवसांची रजा काढून येतात, झाप विणणारे हात थोडे उरले. तेव्हा आखणी कोणीतरी पैसे घेऊन करणार, त्यात गैर काही नाही. मात्र जे रमणीय स्थळ निवडण्यासाठी एवढा शोध घेतला, तेच स्थळ झाकून टाकण्यात पुढचा सारा खर्च व्हावा, याचे मला दुःख होते. सुरूच्या बनापुढे प्लॅस्टिकच्या वेलींची कमान उभारलेली आणि निळ्या समुद्राच्या पार्श्वभूमीवर निळ्याच कापडाचा पडदा लावलेला मी पाहिला आहे. स्थळाने जे आधीच दिले आहे ते नीट ओळखावे, आणि जेथे ते कमी पडेल तेथेच आपला हात लावावा, एवढेच मला सजावटीविषयी आज सांगावयाचे आहे.

फुलांपासून आरंभ करतो. आमच्या शिरोडा, आरवली, आसोली या पट्ट्यात फेब्रुवारीपासून सुरंगी फुलते. फांदीच्या अंगालाच गच्च लगडलेल्या तिच्या कळ्या ऊन चढून उमलण्यापूर्वी, सकाळच्या प्रहरी झाडावर चढून काढाव्या लागतात आणि त्यांचे वळेसर लगेच गुंफावे लागतात. शिरोड्याच्या बाजारात ते घेऊन बसणाऱ्या बायकांपुढून जाताना तो मादक सुगंध दुरूनच लागतो. फूल सुकले तरी त्याचा वास जात नाही. बकुळीचेही तसेच. अबोलीला गंध नाही, पण तिची वेणी उन्हात तग धरते आणि सावळ्या-गोऱ्या दोन्ही वर्णांना शोभते. सोनचाफा, अनंत, आणि हिरव्यागार पानांची तोरणे, एवढी संपदा दाराशी असताना, थंड हवेच्या प्रदेशातली फुले बर्फाच्या पेट्यांतून आणून खाऱ्या वाऱ्यात माना टाकताना पाहण्यात कसले सौंदर्य? येथे आखणीचे शहाणपण आहे ते असे, की सुरंगी हवी असेल तर मुहूर्त तिच्या ऋतूत धरावा. डिसेंबरात लग्न असेल तर तिचा हट्ट सोडावा आणि अबोलीवर भिस्त ठेवावी. वधूवरांच्या आसनांविषयीही हेच म्हणेन. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडावर रंगकाम करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गोल गंजिफांवर दशावतार रंगविणारी कला त्या संस्थानाने सांभाळली. तिथला रंगीत पाट किंवा चौरंग हा लग्नाच्या वेदीपाशी जितका सहज शोभतो, तितकी भाड्याची सोनेरी सिंहासने शोभत नाहीत. आणि लग्नानंतर तो पाट त्या घरात राहतो.

बाग निवडली असेल तर तिचीही मर्जी राखावी लागते. पोफळीच्या बागेत पाण्याचे पाट आणि झाडांची आळी यांवरच तिचा जीव असतो; त्यांवरून पाचशे माणसे चालली, तर बागायतदाराचे वर्षाचे नुकसान होते. म्हणून पाहुण्यांची वाट आधी आखावी, आणि मंडप त्या वाटेच्या शेवटी यावा. माडाखाली खुर्च्या मांडण्यापूर्वी पाडेल्याला वर चढवून नारळ आणि वाळलेली चुडते उतरवून घ्यावीत. याकडे शहरातल्या आयोजकांचे हटकून दुर्लक्ष होते, आणि ही गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे.

आता समुद्रकाठाविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण सर्वाधिक फजिती तेथे होते. आमच्या किनाऱ्यावर दुपार कलली की खारा वारा जोर धरतो. त्या वेळी अंतरपाट दोघांच्या हातांत राहत नाही, समई तेवत नाही, होमाचा धूर नको तिकडे जातो, आणि मंगलाष्टके ध्वनिक्षेपकातूनही कोणाला ऐकू येत नाहीत. सूर्य मावळू लागला की हा वारा ओसरू लागतो, आणि रात्री जमिनीवरून मतलई वारा सुटेपर्यंत मधली जी घटका जाते तिच्यात हवा बहुधा शांत असते. ज्यांनी गोरज मुहूर्त म्हणून गोधूलीच्या वेळेला मानाचे स्थान दिले, त्यांच्या मनात समुद्र असेलच असे मी म्हणत नाही. परंतु किनाऱ्यावरच्या लग्नाला त्याहून सोयीची वेळ नाही. फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, तेव्हा आधीची तासभर तिरपी उन्हे चेहऱ्यांवर जे तेज आणतात, त्यापुढे दिव्यांची रोषणाई फिकी पडते. मंडप सुरूच्या रांगांच्या आडोशाला घ्यावा, ऐन पुळणीवर नको. वाऱ्याचा उरला मारही मग लागत नाही.

भरतीचे गणित तर आमच्या गाबित बांधवांच्या तोंडावर असते, आणि ते पंचांगाशी जोडलेले असल्यामुळे लग्नपत्रिकेवरूनच मांडता येते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची अदमासे वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. आणि तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीचा गोरज मुहूर्त पुळणीवर धरला, तर ऐन मंगलाष्टकांच्या वेळी पाणी चढलेले असणार. ती भांगाची भरती असल्यामुळे उधाणाचे भय नसले, तरी वाळूची रुंदी कमी होते. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास येऊन जाते, आणि संध्याकाळी ओली, घट्ट, चकचकीत वाळू मैलभर मोकळी पडते. तिच्यात आकाशाचे सगळे रंग उतरतात. मुहूर्त काढणाऱ्या भटजींना आणि वाळूवर मंडप घालणाऱ्याला एकत्र बसविले, तर ही तजवीज अर्ध्या तासात होते. दुर्दैवाने ते दोघे बहुधा लग्नाच्या दिवशीच प्रथम भेटतात.

याच किनारपट्टीवर, वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या ठिकाणी, थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे रात्री वाळूत अंडी घालावयास येतात. अंड्यांतून निघालेली पिले उजेडाच्या रोखाने चालतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचाच असतो. तेथे आपण प्रखर दिवे लावले, की ती पिले जमिनीकडे वळतात आणि मरतात. तेव्हा किनाऱ्याकडे तोंड केलेले झोत या मोसमात मुळीच लावू नयेत. खाली टेकवलेले, आडोशाचे, पिवळसर दिवे पुरतात, आणि जेवणाच्या पंगती तर रस्त्याकडच्या बाजूलाच घ्याव्यात. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद करण्याचा नियम २००० सालापासून आहेच. ही बंधने जाचक वाटण्याचे कारण मला दिसत नाही. ज्याच्या अंगणात आपण कार्य करीत आहोत त्याची झोपमोड करू नये, हा संस्कार आपल्याकडे घरोघर असतो.

ऐतिहासिक स्थळांचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०१९ च्या सप्टेंबरात राज्यातील काही किल्ले हॉटेल आणि समारंभ यांसाठी भाडेपट्ट्याने देण्याची वार्ता प्रसिद्ध झाली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला आणि शिवछत्रपतींशी निगडित किल्ल्यांना हात लावणार नसल्याचा खुलासा शासनाला करावा लागला. तो संताप मला योग्य वाटला. तथापि दुसरी बाजूही आहे. वेंगुर्ल्याची सतराव्या शतकातील डच वखार पाहा. वापर सुटलेल्या वास्तूचे छप्पर कसे जाते आणि भिंतींत झाडे कशी रुजतात, हे तिच्यावरून कळते. उलट सावंतवाडीचा राजवाडा वापरात आहे, म्हणून शाबूत आहे. तेरेखोलचा किल्ला सावंतांनी बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला, त्याच्या आवारात सेंट अँथनीचे चर्च उभे राहिले. पुढे त्याच तटाच्या आत पाहुण्यांसाठी निवास झाला, आणि खाडीच्या मुखावरून दिसणाऱ्या त्या दृश्यासाठी लोक आवर्जून जाऊ लागले. जेथे माणसे राहिली, जेवली, जेथे पूर्वीही लग्नेमुंजी झाल्या, अशा वाड्यांना आणि राजवाड्यांना आणखी एका लग्नाने बाध येत नाही, असे मी मानतो. पण जेथे माणसांनी रक्त सांडले किंवा लाठ्या खाल्ल्या, तेथे सनई वाजवण्यापूर्वी थांबावे.

परवानगी कोणाची घ्यावयाची, हे आधी पाहावे. केंद्राच्या १९५८ च्या आणि राज्याच्या १९६० च्या कायद्यान्वये संरक्षित झालेल्या स्मारकांचे निर्बंध कडक आहेत; मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला यांपैकी पहिल्या वर्गातला. अशा केंद्र-संरक्षित स्मारकात मेजवानी किंवा करमणूक शासनाच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. खाजगी वाड्यात मालकाची संमती पुरते, पण जांभ्याची भिंत संमती देत नसते. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कठीण होतो, परंतु सच्छिद्रच राहतो. त्यात खिळा ठोकला तर कपरा उडतो, तेल सांडले तर डाग खोल जातो, पणत्यांची काजळी वर्षानुवर्षे निघत नाही. म्हणून माळा भिंतीला न बांधता मोकळ्या बांबूच्या चौकटींवर बांधाव्यात, दिवे पितळी तबकांत ठेवावेत, आणि भिंत उघडी, तिच्या तांबूस रंगातच, दिसू द्यावी. तिला झाकावयाचे होते तर ती निवडली कशाला?

आमच्या शिरोड्याचे सर्वांत मोठे ऐतिहासिक स्थळ म्हणजे येथील मिठागरे. १९३० च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या सत्याग्रहींनी येथे मिठाचा कायदा मोडला, धर्मानंद कोसंबींसारखा विद्वान त्यांत होता, आणि वि. स. खांडेकर त्या काळी याच गावच्या शाळेत शिकवीत होते. आज लग्नापूर्वीची छायाचित्रे काढण्यासाठी काही जोडपी त्या बांधांवर येतात. त्यांना मी हाकलणार नाही, पण बांध मातीचे असतात, आणि भर हंगामात ते तुडवले की खाऱ्या पाण्याची कोंडी फुटते, हे त्यांना सांगावे लागते. त्या भूमीचा मान राखण्याचा याहून चांगला मार्ग आहे. केळीच्या पानावर पहिल्याने मीठ वाढतात. ते मीठ शिरोड्याचे असावे, आणि पंगतीत कोणीतरी मोठ्याने सांगावे की हे मीठ कोठले आहे. वडे, काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि सोलकढी त्यामागून येतीलच.

राहता राहिली व्यवस्था. सवाई माधवराव पेशव्यांच्या लग्नासाठी नाना फडणिसांनी करविलेली याद प्रसिद्ध आहे. कामे नेमून देण्यातली तिची बारकाई आजही पाहण्यासारखी आहे. खर्चाचा तो इतमाम आपल्याला नको, पण कागदावर प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव असण्याची शिस्त हवी: पाणी कोणाकडे, वृद्धांना वाळूवरून आणणे कोणाकडे, वळीव आला तर मंडळी कोठे हलवावयाची आणि तो निर्णय कोणी घ्यावयाचा. या यादीत पहिले काम ग्रामदेवतेला अक्षत देण्याचे असावे. शिरोड्यात श्रीदेवी माउलीपुढे, आरवलीत श्रीदेव वेतोबापुढे गाऱ्हाणे घातल्यावाचून येथे कार्य उभे राहत नाही, आणि बाहेरून येणाऱ्यांनीही तो शिरस्ता पाळला तर गावाशी त्यांचे नाते भाड्यापुरते राहत नाही.

आमच्या ग्रामपंचायतीकडे आणि देवस्थानच्या मानकऱ्यांकडे मात्र माझे एक मागणे आहे. कार्तिकात लग्नसराई सुरू होण्यापूर्वीच वेळागरच्या रस्त्यावर एक फलक लावावा. त्यावर त्या मोसमातील भरती-ओहोटीच्या वेळा असाव्यात, कासवांची घरटी राखलेल्या जागा असाव्यात, आणि पाडेली, झाप विणणारे, वळेसर गुंफणाऱ्या बायका, यांपैकी ज्यांची संमती असेल त्यांची नावे असावीत. किनाऱ्यावर मंडप घालणाऱ्याकडून अनामत रक्कम घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जागा पाहूनच ती परत करावी.