पायथॉनमधून तारे मोजताना

आम्ही तिघे-चौघे मित्र कचेरीत नोकरी करणारे, डिप्लोमा झालेले. आकाशाचे वेड मात्र शाळेपासूनचे. दुर्बिणीतून काढलेल्या फोटोतले तारे मोजायला आम्ही 'सोर्स एक्स्ट्रॅक्टर' वापरायचो. बर्तँ आणि आर्नू या शास्त्रज्ञांनी त्यावरचा निबंध १९९६ साली छापला. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, सेटिंगची फाईल वेगळी, उत्तराची यादी आणखी तिसऱ्या फाईलमध्ये. आमची मुले तिथेच कंटाळायची.

पुढे त्याच प्रोग्रॅमचा गाभा 'सेप' या नावाने पायथॉनमध्ये आला. आता फोटोतले आकडे थेट त्याच्या हाती द्यायचे. मधल्या फाईली नकोत. मुलेही शेजारी येऊन बसली.

पण पहिल्याच रात्री आम्ही फसलो. चांदण्यात काढलेला फोटो दिला, तर सगळे आकाशच तारा धरून काम मध्येच थांबले! जुना प्रोग्रॅम आकाशाचा उजेड आपणहून वजा करायचा. इथे ते आपण सांगावे लागते. मुलीने ती ओळ लिहिली, आणि यादी ताळ्यावर आली.

तेव्हा मुलांनो, नवे जरूर वापरा, पण जुने आत काय करत होते ते आधी विचारा. आम्ही सांगायला बसलोच आहोत.

गणपती बाप्पा मोरया!