तार आधी, ट्यूनर मग

आमच्या गटातल्या तिघींकडे हॅम रेडिओचा परवाना आहे. 7 मेगाहर्ट्झसाठी सुमारे 20 मीटर तार लागते. समाजमंदिराच्या गच्चीवर जागा 12 मीटरचीच. म्हणून आम्ही अँटेना ट्यूनर जोडला. आत कॉइल आणि कपॅसिटर. शक्ती कमी ठेवून नॉब हळूहळू फिरवले, की एसडब्ल्यूआर मीटरचा काटा 1 जवळ येतो, म्हणजे सेटला हवा तो 50 ओहमचा भार मिळाला. पण तेवढ्यानं आवाज लांब जातो असं नाही हं! तोकडी तार तोकडीच; बरीच शक्ती कॉइलमध्ये, केबलमध्ये उष्णता होऊन जाते. पुरात मोबाइल बंद पडले, तर निरोप याच सेटवरून जायचा. म्हणून पावसाळ्याआधी आम्ही तार पलीकडच्या चिंचेपर्यंत नेली, विजेच्या तारांपासून दूर. आता ट्यूनरला जेमतेम हात लावावा लागतो.