मुंबईची मर्ल
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मार्च २०२३ मध्ये मलेशियात जन्मलेल्या मिशेल योह यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. त्याआधी त्यांचं नामांकन जाहीर झालं, तेव्हा बातमीदारांची थोडी पंचाईत झाली होती. 'या गटात नामांकन मिळालेली पहिली आशियाई अभिनेत्री' असं लिहावं, तर ते खरं नव्हतं. मग अनेकांनी वाक्य जरा वळवलं आणि लिहिलं, 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली'. ही कसरत करावी लागली ती एका बाईमुळे. तिला हे नामांकन १९३५ च्या 'द डार्क एंजल' या चित्रपटासाठी मिळालं होतं आणि आपण आशियाई आहोत हे तिनं मरेपर्यंत कबूल केलं नाही. ही बाई जन्मली होती आपल्या मुंबईत. तिचं नाव मर्ल ओबेरॉन.

१९ फेब्रुवारी १९११ हा तिचा जन्मदिवस. खरं नाव एस्टेल मर्ल थॉम्प्सन. कागदोपत्री वडील इंग्लंडहून आलेले, रेल्वेत नोकरी करणारे. ते पहिल्या महायुद्धात गेले. तिला वाढवलं शार्लट नावाच्या बाईनं. शार्लट मूळची सिलोनकडची, मिश्र वंशाची, वर्णानं सावळी. मर्ल तिला आई म्हणे. प्रत्यक्षात ती आजी होती. शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स अगदी कोवळ्या वयात आई झाली होती. ते झाकण्यासाठी आजी आई झाली आणि आई मोठी बहीण झाली. म्हणजे मर्लच्या आयुष्यातलं पहिलं खोटं तिनं रचलेलंच नव्हतं. तिच्याकडे ते पाळण्यातच आलं.

पुढे मायलेकी कलकत्त्याला गेल्या. ला मार्टिनियर शाळेत मर्लला शिष्यवृत्ती मिळाली, पण मिश्र रक्तावरून टोमणे इतके, की ती शाळा सुटली. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी. इथे मला आपल्या सुलोचनाची आठवण होते. नंतरच्या आई-भूमिकांतल्या सुलोचनाबाई नव्हेत, मूकपटांच्या काळातली सुलोचना, म्हणजे पुण्याची रूबी मायर्स. तीही ज्यू घरातली टेलिफोन ऑपरेटर. तिनं हिंदू नाव घेतलं आणि मुंबईत राणीसारखी राहिली. ती ज्यू आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मर्लला ही सोय नव्हती.

१९२० चं दशक संपता संपता ती युरोपात गेली आणि मग लंडनला. तिथे अलेक्झांडर कोर्डा या हंगेरीहून आलेल्या निर्मात्याची नजर तिच्यावर पडली. १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' मध्ये तिला ॲन बोलिनची छोटी भूमिका मिळाली आणि नाव झालं. प्रसिद्धी खात्यानं तिला नवं जन्मगाव दिलं, ऑस्ट्रेलियाजवळचं टास्मानिया बेट. इंग्रजांची वसाहत आणि कुणी चौकशीला जाणार नाही इतकं लांब!

हे खोटं हौसेचं होतं असं मात्र समजू नका. भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२३ मध्ये दिला होता. ती दारं किलकिली झाली १९४६ मध्ये, तीही वर्षाला शंभर माणसांपुरती. हॉलिवूडची आचारसंहिता १९३४ पासून कडक झाली होती. गोऱ्या आणि काळ्या माणसांचं प्रेम पडद्यावर दाखवायला तिची मनाई होती आणि व्यवहारात आशियाई नटनट्यांनाही त्याचा फटका बसे. मर्लनं मुंबईचं नाव घेतलं असतं, तर नायिकेची भूमिका तिला कुणी दिली नसती.

तिचा सगळ्यात गाजलेला चित्रपट १९३९ चा 'वुदरिंग हाइट्स'. दिग्दर्शक विल्यम वायलर, म्हणजे पुढे 'बेन हर' करणारे. नायक लॉरेन्स ऑलिव्हिए. कॅथीच्या भूमिकेत त्याला हवी होती व्हिव्हियन ली, जी जन्मली दार्जिलिंगला! मूळ कादंबरीत कॅथी गोरी आणि हीथक्लिफ हा कुठून आला ते माहीत नसलेला, काळसर वर्णाचा पोरका मुलगा. पडद्यावर तो झाला गोरा ऑलिव्हिए, आणि गोरी कॅथी झाली आपली मुंबईची मुलगी. मर्ल फार थोर अभिनेत्री होती असं मी म्हणणार नाही. पण हीथक्लिफ आणि मी वेगळे नाहीच, असं कॅथी सांगते तो प्रसंग तिची हकीकत कळल्यावर पुन्हा पाहा. मला तो पूर्वीसारखा पाहता येत नाही.

१९३७ च्या मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले होते. तिचा दुसरा नवरा, छायालेखक ल्युसियन बॅलार्ड, यानं ते झाकण्यासाठी कॅमेऱ्याला लागूनच एक छोटा दिवा बसवला. या दिव्याला आजही 'ओबी' म्हणतात. ओबेरॉनवरून ओबी.

शार्लटचं काय झालं? ती मर्लबरोबर लंडनला गेली. घरी पाहुणे आले की मर्ल तिची ओळख मोलकरीण म्हणून करून देई, असं सांगतात. १९३७ मध्ये ती वारली. बारा वर्षांनी मर्लनं एका जुन्या फोटोवरून तिची चित्रं काढून घेतली. चित्रात रंग उजळ करायला सांगितला होता. ती चित्रं पुढे तिच्या प्रत्येक घरात भिंतीवर होती.

१९७८ मध्ये होबार्टच्या महापौरांनी टास्मानियाची कन्या म्हणून तिचा सत्कार ठरवला. सबंध हयातीत जिथे जन्मले म्हणून सांगितलं, तिथे आता हार घ्यायला जायचं. ती गेली, पण जन्माविषयीच्या प्रश्नांनी कासावीस झाली. वर्षभरानं, २३ नोव्हेंबर १९७९ ला, ती कॅलिफोर्नियात वारली. १९८३ मध्ये चरित्र निघालं आणि मुंबईचं नाव जगजाहीर झालं.

पण मुंबईच्या सरकारी दप्तरातली जन्मनोंद त्याआधीच एकानं शोधून काढली होती. कॉन्स्टन्सचा मुलगा. जगाच्या हिशेबी तो मर्लचा भाचा, कागदाच्या हिशेबी भाऊ. तो कॅनडात स्थायिक झाला होता. बहिणीला भेटायला म्हणून तो लॉस एंजलीसला गेला. ती भेटली नाही. पुढे चरित्रकारांनी गाठलं तेव्हाही त्यानं त्यांना हे नातं सांगितलं नाही. बोलला तो अखेर मारे डेलोफ्स्की या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेजवळ. तिचा 'द ट्रबल विथ मर्ल' हा माहितीपट २००२ मध्ये आला, तोवर मर्लला जाऊन तेवीस वर्षं झाली होती.